तिकीट सव्वाशेचं, मग हजार डॉलर जातात कुठे? प्रॉमच्या खर्चाबद्दल एक खुले पत्र

प्रति,
न्यू जर्सी, पेनसिल्वेनिया आणि न्यू यॉर्क परिसरातले मराठी पालक, ज्यांची मुलं-मुली यंदा अकरावी-बारावीत आहेत,
आणि आपापल्या महाराष्ट्र मंडळांचे पदाधिकारी,

सप्रेम नमस्कार.

प्रॉमच्या, म्हणजे हायस्कूलच्या अखेरीस होणाऱ्या नाच-जेवणाच्या समारंभाच्या, खर्चाबद्दल आपल्या लोकांत दोन टोकं दिसतात. एका घरात "एका रात्रीच्या नाचगाण्याला कसले आलेत हजार डॉलर" म्हणून विषय मिटवला जातो. दुसऱ्या घरात, आपल्याला यातलं काही कळत नाही आणि पोराला चारचौघांत कमीपणा नको, म्हणून जे मागेल ते कार्डावर टाकलं जातं. दोन्ही घरांची अडचण एकच आहे. आपण स्वतः कधी प्रॉमला गेलेलो नाही. दहावीचा निरोप समारंभ म्हणजे दोन भाषणं, बटाटेवडा आणि वर्गशिक्षकांना भेटवस्तू, इतकीच आपली शिदोरी. त्यामुळे पैसे कुठे घालायचे आणि हात कुठे आखडता घ्यायचा, याचा अंदाजच नसतो.

हे पत्र लिहिणाऱ्यांत शाळांच्या प्रॉम कमिट्यांना मदत करणारे पालक आहेत, गाऊनची अल्टरेशन्स करणाऱ्या आहेत आणि कोर्साज-बुटोनियर, म्हणजे मुलींच्या मनगटावरची आणि मुलांच्या कोटावरची फुलं, बांधणाऱ्याही आहेत. आमच्या पाहण्यात प्रॉम महाग होतो तो दोन गोष्टींनी: उशिराने आणि भिडेने. एप्रिलअखेर घेतलेला निर्णय फेब्रुवारीतल्या त्याच निर्णयापेक्षा महाग पडतो, आणि मुलांच्या ग्रुप चॅटवर "पर हेड फक्त सत्तर" म्हणून ठरलेली रक्कम घरी येईपर्यंत शंभरावर गेलेली असते. ऐपतीचा यात फारसा संबंध नाही. व्हिसा या कार्ड कंपनीने २०१३ साली केलेल्या पाहणीत प्रॉमचा सरासरी कौटुंबिक खर्च १,१३९ डॉलर निघाला होता. आपल्या ईशान्येकडच्या राज्यांत १,५२८ आणि मिडवेस्टात ७२२. त्याच पाहणीत वर्षाला ५० हजार डॉलरपेक्षा कमी कमावणाऱ्या घरांनी सरासरी १,२४५ डॉलर खर्चायची तयारी दाखवली होती, तर त्याहून जास्त कमावणाऱ्यांनी १,१२९. २०१५ साली सरासरी ९१९ वर उतरली, पण नुसत्या प्रॉमपोजलचा, म्हणजे "माझ्याबरोबर येतेस का" हे फलक-फुगे लावून विचारण्याचा, आकडा ३२४ डॉलर होता. (एक पोस्टर बोर्ड आणि दोन मार्कर दहा डॉलरच्या आत येतात. बाकीचे तीनशे इन्स्टाग्रामसाठी.)

आधी तिकीट. आपल्या भागात बँक्वेट हॉलमधल्या प्रॉमचं तिकीट साधारण ८० ते १५० डॉलरच्या दरम्यान असतं. "शाळा कमावते" अशी कुजबुज दरवर्षी होते, म्हणून त्यात काय असतं ते सांगतो. ताटामागे हॉलचा दर, त्यावर सर्व्हिस चार्ज, डीजे, फोटो बूथ, बंदोबस्ताच्या पोलिसांचं मानधन आणि दारात हातात ठेवतात ती छोटी भेट. हॉल शाळेकडून किमान ताटांची हमी घेतो. समजा अडीचशेची हमी दिली आणि दोनशेच तिकिटं गेली, तरी बिल अडीचशेचं. म्हणूनच सुरुवातीचं तिकीट स्वस्त आणि शेवटच्या आठवड्यातलं वीस-पंचवीस डॉलरने महाग ठेवतात. क्लास ड्यूज, म्हणजे वर्गाची वर्गणी, वेळेवर भरली गेली, निधी जमवायच्या कार्यक्रमांना पालक उभे राहिले, की तिकीट खाली येतं. कमिटीत आपले लोक क्वचित दिसतात. वर्षातून तीन-चार संध्याकाळी जाऊन बसलात, तर प्रॉम शुक्रवारऐवजी गुरुवारी घेऊन ताटामागे किती वाचतात, हा प्रश्न तुम्हालाही विचारता येईल.

तिकीट काढताना लोक अडकतात ते भलत्याच जागी. लायब्ररीचं हरवलेलं पुस्तक, शाळेच्या लॅपटॉपचा चार्जर, पार्किंगचा दंड, असं काहीही थकलेलं असेल तर बऱ्याच शाळा तिकीट देत नाहीत. पाच डॉलरच्या दंडापायी स्वस्त तिकिटाची तारीख हुकते. जोडीदार दुसऱ्या शाळेचा असेल तर पाहुण्यासाठीचा वेगळा फॉर्म लागतो, त्यावर त्या शाळेच्या प्रिन्सिपलची सही आणि ओळखपत्राची प्रत. ही सही यायला सहज आठवडा जातो, आणि वयाची अट बहुधा २१ च्या आत अशी असते. तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. प्रॉमच्या दिवशी शाळेत हजेरी लागते, म्हणून केसांची अपॉइंटमेंट सकाळी अकराची घेऊ नका. शाळेतून लवकर निघण्याचा (अर्ली डिसमिसल) नियम आधी वाचा.

आणि जेवणाचा फॉर्म. टेबलांची यादी आणि आहाराची नोंद एकाच गूगल फॉर्मवर असते, आणि मुलं टेबल भरतात, आहार सोडून देतात. मग चिकनचं ताट समोर येतं आणि शाकाहारी पोरगी सव्वाशे डॉलरचा ब्रेड खाऊन घरी येते. हॉलला आठवडाभर आधी सांगितलं तर ते नीट ताट करतात. त्या रात्री सांगितलं तर बिनमसाल्याचा पास्ता मिळतो.

ज्यांना तिकीटच जड आहे त्यांनी शाळेच्या कौन्सेलरला एक ईमेल करावा. शाळेत मोफत किंवा सवलतीचं जेवण घेणाऱ्या मुलांसाठी काही शाळांत काही तिकिटं बाजूला ठेवलेली असतात, आणि ती कोणाला दिली हे वर्गात कळत नाही. एच-वन बी वर नोकरी गेलेली घरं आपल्यातही आहेत. विचारायला संकोच करू नका.

आता ड्रेस. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो तो इथेच.

प्रॉमच्या गाऊनचे साइज रोजच्या कपड्यांपेक्षा लहान येतात. जीन्समध्ये ६ नंबर घालणाऱ्या मुलीला गाऊन ८ किंवा १० चा लागणं अगदी नेहमीचं. तेव्हा नंबर विसरा आणि टेप घ्या: छाती, कंबर, नितंब, आणि गळ्याच्या खळग्यापासून जमिनीपर्यंतची उंची. ही उंची बूट घालून मोजायची. या मापांत जे सगळ्यांत मोठं आहे त्याप्रमाणे साइज निवडायचा, कारण कारखान्यात शिवलेल्या गाऊनच्या शिवणीत माया जवळजवळ नसते. सैल गाऊन आत घेता येतो, घट्ट गाऊन सोडवता येत नाही. घट्ट घेतलाच असेल तर झिप काढून पाठीला दोरीचं कॉर्सेट बसवावं लागतं, आणि ते काम शंभर डॉलरच्या खाली होत नाही. म्हणून मुळातच पाठीला दोरी असलेला गाऊन घ्यावा, असं आमचं मत. चार महिन्यांत मुलीचं अंग थोडं बदललं तरी तो बसतो, आणि पुढे बहिणीलाही होतो.

अल्टरेशनचे साधारण दर असे. खांद्याचे पट्टे वर घेणं २० ते ४०. बाजूने आत घेणं ४० ते ८०, त्यात झिप किंवा बोनिंग, म्हणजे आतल्या ताठ पट्ट्या, आल्या तर जास्त. खालचा घेर आखूड करणं ही मुख्य गोम आहे. गाऊनला वरचं कापड, मधलं जाळीचं ट्यूल आणि आतलं अस्तर असे थर असतात, आणि प्रत्येक थर वेगळा कापून वेगळा दुमडावा लागतो. साध्या शिफॉनच्या दोन थरांचे ६० ते ८० डॉलर पडतात. काठाला ताठ पट्टी असेल तर ती उसवून पुन्हा लावायची. काठापर्यंत मणी किंवा सिक्विन असतील तर कापायच्या रेषेवरचे मणी हाताने काढायचे, नाहीतर मशीनची सुई तुटते आणि दुसऱ्या दिवशी मणी ओघळायला लागतात. असं काम १२० ते २०० पर्यंत जातं. मागे लोळणारी झालर असेल तर ती नाचताना उचलून अडकवायला बसल, म्हणजे हुक-फासे, लावून घ्या. ४० ते ६० डॉलर लागतात. ते नसेल तर तासाभरात कोणीतरी त्यावर पाय देतं आणि कापड कमरेतून फाटतं. थोडक्यात, १८० डॉलरचा मणीदार गाऊन सेलमध्ये उचलला आणि मुलगी पाच फूट एक इंच असेल, तर शिलाई गाऊनच्या किमतीला भिडते. दुकानात आरशासमोर उभं राहूनच विचार करा: हा किती इंच आखूड करायचा आणि काठाला काय आहे?

बूट आधी, माप नंतर. तीन इंची टाचेवर घेतलेला घेर फ्लॅट बुटांवर जमिनीवर लोळतो. आणि नऊ वाजल्यानंतर मुली टाचा काढूनच नाचतात हे धरून चाला. दीड-दोन इंची जाड टाच सगळ्यांत सोयीची. पहिलं फिटिंग प्रॉमच्या सहा आठवडे आधी, शेवटचं आठ-दहा दिवस आधी. फिटिंगला येताना आतले कपडे तेच हवेत जे त्या रात्री असणार आहेत. मे महिन्यात लग्नांचेही गाऊन आलेले असतात, त्यामुळे दोन आठवड्यांच्या आत आणलेल्या कामाला रश फी लागते, तीसपासून शंभर डॉलरपर्यंत. ती फी म्हणजे निव्वळ उशिराचा दंड.

बुटीकमधून डिझायनर गाऊन ऑर्डर केला तर यायला दोन-तीन महिने लागतात. चांगली बुटीक शाळेनुसार नोंद ठेवतात, म्हणजे एकाच शाळेतल्या दोघींना तोच रंग, तीच डिझाइन विकत नाहीत. मुलींना ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, तिची टिंगल करू नका. डिपॉझिट नेहमी क्रेडिट कार्डाने द्या, रोख किंवा झेल (Zelle) ॲपने कधीच नाही. आल्फ्रेड अँजेलो ही लग्नाच्या कपड्यांची मोठी साखळी जुलै २०१७ मध्ये एका रात्रीत बंद झाली, आणि डेव्हिड्स ब्रायडलने २०१८ आणि २०२३ अशी दोनदा दिवाळखोरी जाहीर केली. दुकान कितीही मोठं असो, माल हातात येईपर्यंत पैसे परत मागायची वाट कार्डानेच राहते. इंस्टाग्रामवर दिसणाऱ्या "साडेसहाशेचा गाऊन ८९ डॉलरला" वाल्या साइटवर फोटो मूळ डिझायनरचा असतो आणि येतं ते भलतंच. शिवाय ८०० डॉलरखालच्या पार्सलांना मिळणारी शुल्कमाफी चीनसाठी २ मे २०२५ पासून आणि सगळ्याच देशांसाठी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली आहे. म्हणजे वर शुल्क आणि कुरियरची हाताळणी फी.

हाच नियम पुण्या-मुंबईहून मागवलेल्या लेहंग्यालाही लागू आहे. कुरियरने आणवण्यापेक्षा डिसेंबरच्या सुट्टीत कोणी भारतात जात असेल तर सामानातून आणणं बरं. परतणाऱ्या रहिवाशाला स्वतःबरोबर आणलेल्या वस्तूंवर साधारणपणे माणशी ८०० डॉलरपर्यंत सूट असते. लेहंग्याचा मोठा फायदा म्हणजे आपले शिंपी चोळीत इंच-दीड इंच माया सोडतात, ती लागली तर उसवता येते. अस्तरालाही इंचभर जादा सोडायला सांगा. तोटे दोन. एक, वजन. कॅनकॅन, म्हणजे आतली ताठ जाळी, आणि भरतकामासकट चार-पाच किलोचा घेर कमरेच्या एका नाडीवर चार तास पेलत नाही. नाडीच्या जोडीला आतून रुंद पट्टा आणि दोन हुक लावून घ्या. ओढणी खांद्यावर आणि कमरेला दोन्हीकडे पिनेने पक्की करा. दोन, ड्रेस कोड. काही शाळांच्या प्रॉम नियमांत पोट दिसणारे टू-पीस कपडे चालत नाहीत, आणि नियम शब्दशः वाचला तर लेहंगा-चोळी त्या बंदीत येते. दारात उभा असलेला शिक्षक चांगला असेल तर हसून सोडेल, पण चांगुलपणावर दोनशे डॉलरचा कपडा सोडू नये. मार्चमध्येच त्या वर्गाच्या सल्लागार शिक्षकाला, म्हणजे ग्रेड अ‍ॅडव्हायझरला फोटोसह ईमेल करून लेखी होकार घ्या, आणि तो ईमेल मुलीच्या फोनमध्ये ठेवा.

करातही फरक आहे. न्यू जर्सीत कपड्यांवर सेल्स टॅक्स नाही, त्यात गाऊनही आला. पेनसिल्वेनियात रोजच्या कपड्यांवर कर नाही, पण समारंभी पोशाखावर आहे: ६ टक्के, फिलाडेल्फियात ८. न्यू यॉर्कमध्ये ११० डॉलरच्या आतल्या कपड्यालाच सूट. न्यू जर्सीतल्या चेरी हिलला राहून ६०० डॉलरचा गाऊन फिलाडेल्फियातून घेतला तर ४८ डॉलर उगाच गेले.

फुकट किंवा नाममात्र किमतीत गाऊन मिळतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. बेकाज क्लोजेटसारख्या संस्था देशभर हे काम करतात, आणि काउंटीच्या ग्रंथालयांतही मार्च-एप्रिलमध्ये अशी शिबिरं भरतात. एकदाच घातलेले गाऊन तिथे रांगेने टांगलेले असतात. आम्ही हातात घेऊन पाहिलेले कितीतरी गाऊन दुकानातल्या नव्यापेक्षा चांगल्या शिवणीचे होते.

मुलग्यांचं प्रकरण लहान आहे. टक्सिडो भाड्याने १०० ते २५० डॉलर, वर डॅमेज वेव्हर, म्हणजे किरकोळ नुकसान माफ व्हावं म्हणून आधीच घेतलेली फी, आणि परत करायची तारीख चुकली की दंड. माप सहा आठवडे आधी द्यायचं. आदल्या दिवशी पोशाख ताब्यात घेताना दुकानातच सगळं अंगावर चढवून पाहायचं, बुटांसकट. बाही आखूड निघाली तर दुकान तेवढ्यात बदलून देतं, घरी गेल्यावर देत नाही. पण आमचा सरळ सल्ला: साधा काळा किंवा नेव्ही सूट दीडशे-दोनशेला विकत घ्या. तो मॉडेल यूएनला (शाळांच्या नकली संयुक्त राष्ट्र सभेला), कॉलेजच्या इंटरव्ह्यूला आणि पुढच्या दोन लग्नांना चालतो. ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांतून घेतलेला जोधपुरी बंदगळाही त्याच किमतीत येतो आणि फोटोत उठून दिसतो. फक्त बंदगळ्याला लॅपल, म्हणजे कोटाची दुमडलेली कॉलरपट्टी, नसल्याने बुटोनियर टोचायला जागा नसते. छातीच्या खिशात बसणारं पॉकेट बुटोनियर सांगा.

फुलांचं म्हणाल तर कोर्साज २५ ते ६०, बुटोनियर १५ ते ३०. मेमधला दुसरा रविवार मदर्स डे. त्या आठवड्यात प्रॉम असेल तर फुलं महाग आणि फुलवाल्यांना फुरसत नाही, तेव्हा तीन आठवडे आधी सांगा. वेगमन्स किंवा शॉपराइट या सुपरमार्केटांच्या फुलांच्या काउंटरवर तेच काम बरंच स्वस्तात होतं. घरी आणल्यावर डबा फ्रिजमध्ये ठेवायचा, पण ज्या कप्प्यात सफरचंदं किंवा आंबे आहेत तिथे नाही. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने पाकळ्या एका रात्रीत तपकिरी होतात. केस, मेकअप, नखं मिळून सलूनचे दोन-अडीचशे सहज होतात. मैत्रिणीची मोठी बहीण हे काम हौसेने करते, फक्त एकदा आधी करून पाहा, त्याच दिवशी पहिल्यांदा नको.

ज्या खर्चात हात आखडू नये असं आम्हाला वाटतं तो म्हणजे वाहन. त्याला कारण कायद्याचं आहे. न्यू जर्सीत प्रोबेशनरी, म्हणजे नवशिक्यांचं, लायसन्स असलेल्या मुलाला रात्री ११:०१ ते पहाटे ५ गाडी चालवता येत नाही, आणि सोबत पालक नसेल तर एकच प्रवासी बसवता येतो. नंबरप्लेटवर लाल स्टिकर (डेकल) असल्याने पोलिसांना लांबूनच कळतं. प्रॉम सुटतो दहा-अकराच्या सुमारास, पार्किंगमधून बाहेर पडायला अर्धा तास. म्हणजे "मी गाडी घेऊन जातो, तिघांना सोडतो" हा बेत जाताना आणि येताना, दोन्ही वेळा नियमाबाहेर. उरतात दोन मार्ग: पालकांनी आळीपाळीने नेणं-आणणं, ज्याचा खर्च पेट्रोलपुरता, किंवा लिमो-पार्टी बस.

बसचा हिशेब मुलं ज्या पद्धतीने करतात तो नीट पाहा. वीस जणांची बस, तासाला १७५ डॉलर, प्रॉमच्या रात्री किमान सात तास. झाले १,२२५. ड्रायव्हरची २० टक्के ग्रॅच्युइटी, म्हणजे टिप, २४५. इंधन आणि टोलचे ६०. एकूण १,५३०. ग्रुप चॅटवर कोणीतरी १,२२५ ला वीसने भागून "साठ-एकसष्ट" असं टाकतं. खरा आकडा ७६.५०. मग मे उजाडेपर्यंत जोड्या फुटतात, दोघं दुसऱ्या ग्रुपमध्ये जातात, एकाचे आईवडील नाही म्हणतात, आणि चौदा उरतात. तेव्हा माणशी १०९. करार ज्या पालकाच्या कार्डावर आहे त्याच्या गळ्यात फरक पडतो, आणि भिडेपोटी तो मागतही नाही. म्हणून पैसे सगळ्यांकडून आधी घ्या, चौदाच येतील असं धरून. वीस आले तर उरलेलं परत करा. करारात गाडीचा नेमका प्रकार, निघायची-परतायची वेळ, जादा तासाचा दर आणि रद्द करण्याच्या अटी लेखी हव्यात.

विमा आणि तपासणीबद्दल विचारणं हा आगाऊपणा नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या स्कोहारी इथे वाढदिवसाला निघालेल्या तरुणांच्या लिमोला अपघात होऊन २० जण गेले. ती गाडी महिनाभर आधीच तपासणीत नापास झाली होती. न्यू जर्सीहून मॅनहॅटनला किंवा हार्बरवरच्या बोटीवर प्रॉम असेल तर प्रवास आंतरराज्य ठरतो. तेव्हा कंपनीकडे यूएसडॉट नंबर, म्हणजे केंद्रीय परिवहन खात्याचा नोंदणी क्रमांक, मागा आणि केंद्रीय मोटर वाहक खात्याच्या सेफर या साइटवर तो टाका. विमा, तपासण्या, अपघात सगळं तिथे दिसतं. अशा आंतरराज्य प्रवासात ड्रायव्हर धरून सोळा किंवा अधिक आसनांच्या गाडीला ५० लाख डॉलरचा विमा बंधनकारक आहे. नंबर द्यायला खळखळ करणाऱ्या कंपनीला सोडून द्या, कितीही स्वस्त असली तरी. आणि बोटीवरच्या प्रॉमला अर्धा तास लवकर पोहोचा. हॉल थांबतो, बोट सुटते.

प्रॉमनंतर शोअरवर, म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर, जायची पद्धत न्यू जर्सीत जुनी आहे. सीसाइड हाइट्स, वाइल्डवुड. घर किंवा मोटेलची खोली मुलांच्या नावावर मिळत नाही, म्हणून कोणातरी पालकाला सही करावी लागते, आणि डॅमेज डिपॉझिट प्रत्येक मुलामागे घेतलं जातं. ते पूर्ण परत येईल असं गृहीत धरू नका. त्याहून मोठी गोष्ट, तिथे जे काही होईल त्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. ओळखीच्यांना नाही म्हणणं अवघड जातं हे मान्य, पण ही सही आम्ही करणार नाही आणि तुम्हीही करू नका. त्याऐवजी कोणाच्या तरी घरी मध्यरात्री पिझ्झा आणि सकाळी पोहे, एवढ्यावर मुलं खूश होतात असा अनुभव आहे. प्रॉमआधीच्या फोटोंचा कार्यक्रम ज्यांच्या अंगणात असेल त्यांनी मात्र चाळीस पालकांना समोसे-ढोकळ्याचं जेवण घालायची गरज नाही. पाणी आणि कलिंगडाच्या फोडी पुरतात. लोक सहाला येतात आणि साडेसहाला मुलं निघून गेलेली असतात.

या सगळ्याचा एक नमुना हिशेब. काटकसरीचा: तिकीट ११०, गाऊन १६०, शिलाई ८५, बूट ४५, बुटोनियर २५, पेट्रोल आणि किरकोळ ४०. एकूण ४६५. सैल हाताचा: गाऊन ५५०, शिलाई १८०, बूट ९०, केस-मेकअप २२०, नखं ७५, तिकीट ११०, फूल ३०, बस १२०, शोअर २५०. एकूण १,६२५. फोटोत या दोन्ही मुली शेजारी उभ्या असतात, आणि खरं सांगायचं तर कोणती कोण हे ओळखू येत नाही.

एप्रिल-मे हा बारावीच्या घरात तसाही पैशांचा ओढाताणीचा काळ. २०२५ साली एका एपी (कॉलेजच्या पातळीच्या) परीक्षेची फी ९९ डॉलर होती. १ मेच्या आसपास कॉलेजचं डिपॉझिट भरायचं असतं. इयरबुक, पदवीदान समारंभाची टोपी आणि झगा वेगळे. म्हणून जानेवारीतच मुलाबरोबर बसून एक रक्कम ठरवा, समजा सहाशे, आणि ती त्याच्या खात्यात टाकून द्या. तिकीट, वाहन आणि शिलाई यांचे पैसे आधी बाजूला काढायचे. उरलेलं कसं खर्चायचं ते त्याने ठरवायचं, आणि वाचलेलं त्याचं. जी मुलगी तुमच्या कार्डावर सव्वादोनशेचा मेकअप मागते तीच स्वतःच्या खात्यातून खर्च करताना यूट्यूब उघडते. डॉलरला रुपयाने गुणून दाखवू नका, त्याचा मुलांवर काडीचा परिणाम होत नाही.

आता मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना एक नेमकी विनंती. संक्रांतीचा कार्यक्रम आपण सगळीकडे जानेवारी-फेब्रुवारीत करतो, म्हणजे प्रॉमच्या खरेदीच्या नेमका आधी. हळदीकुंकवाला जो हॉल घेता त्याची एक बाजूची खोली दुपारभर प्रॉमच्या कपड्यांसाठी द्या. कपडे देणाऱ्यांनी ड्रायक्लीन करून आणावेत. चाकांचे चार रॅक, दोन आरसे आणि आडोशाला दोन पडदे पुरे. प्रत्येक कपड्याला कार्ड लावायचं: छाती, कंबर, गळ्यापासून काठापर्यंतची उंची, आणि घेर आधीच कापला आहे की नाही. हे शेवटचं लिहायला विसरू नका, कापलेला घेर पुन्हा लांब होत नाही. मुलांचे सूट आणि बंदगळे वेगळ्या रॅकवर, छातीच्या मापाने. किंमत नाही, नोंदवही नाही, कोणी काय नेलं याची चर्चा नाही. मापं घ्यायला आणि टाचण्या लावून द्यायला आमच्यातल्या शिवणाऱ्या येतील.

संक्रांतीच्या हॉलचं बुकिंग ऑक्टोबरातच होतं. ती जादा खोली त्याच वेळी मागून ठेवा, कारण डिसेंबरात मागितली तर तिचे वेगळे पैसे लागतात.

आपले,
प्रॉम कमिट्यांत, शिलाईच्या मशीनवर आणि फुलांच्या टेबलावर काम करणारे काही मराठी पालक